रात्रपाळीनंतरचं ऊन

कोरोनात दवाखान्यातल्या माणसांना कसला त्रास झाला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: मरणाची भीती. भीती होतीच. पण खानदेशाचा विचार करताना मला आधी झोप आठवते.

दुसरी लाट आली ती एप्रिल-मे २०२१ मध्ये. जळगाव-भुसावळकडे हे दिवस म्हणजे पारा सहज ४३-४४ वर. घाम वाळला तरच शरीर थंड होतं, आणि पीपीई किटच्या आत तो वाळतच नाही. किट चढवलं की ड्युटी संपेपर्यंत पाणी नाही, लघवीला जाणं नाही. म्हणून कितीतरी सिस्टर आधीपासूनच पाणी तोडायच्या. एवढं सोसून सकाळी घरी यायचं आणि झोपायचं कधी, तर भर उन्हात. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. पत्र्याच्या खोलीत, लाईट गेलेली, कूलर बंद, तर ते उतरणार कसं? त्यात शरीराचं घड्याळ सकाळी कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढवून जागं करायच्या मागे असतं.

मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग धोका हेरतो, कपाळामागचा भाग त्याला आवरतो. झोप तुटत गेली की हा आवर ढिला पडतो. मग घरात कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला होतं, लेकरावर उगाच हात उगारला जातो.

२०२० च्या सुरुवातीला चीनमधल्या ३४ रुग्णालयांत १,२५७ जणांची पाहणी झाली. सुमारे निम्म्यांत नैराश्याची, ४४.६ टक्क्यांत चिंतेची आणि ३४ टक्क्यांत निद्रानाशाची लक्षणं दिसली. (प्रश्नावलीतली लक्षणं, आजाराचं निदान नव्हे.) पण हे १,२५७ जण कोण? ४९३ डॉक्टर आणि ७६४ परिचारिका. वॉर्डबॉय, सफाई कामगार, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर त्यात नाहीच. इकडच्या कुठल्याही सिव्हिलमध्ये मृतदेह बॅगेत बांधायचं काम कोणी केलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला समुपदेशकाकडे जा म्हणा, तो म्हणेल, ‘मी काय येडा शे का भो?’

उपाय म्हणून बरेचदा सगळ्यांना हॉलमध्ये बसवून एकदाच ‘मन मोकळं करा’ म्हणतात. आघातानंतरच्या अशा एका बैठकीने पुढचा मानसिक आजार टळत नाही, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात कधीच दिसून आलंय. बोलावंसं वाटेल त्याला माणूस हवाच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर २०२२ पासून सुरू आहे. पण माझं लक्ष ड्युटीच्या तक्त्यावर राहील. सलग रात्रपाळ्या कमी, पाळी बदलायची तर सकाळ-दुपार-रात्र याच क्रमाने, दवाखान्यातच झोपायला एक अंधारी, गार खोली. आणि त्या खोलीची चावी ठेकेदाराकडच्या सफाईवाल्या मावशींनाही मिळाली पाहिजे, सुट्टी घेतली की ज्यांचा रोज कापला जातो.