चाळीस टक्क्यांची वेस: मानसिक आजार आणि दिव्यांग प्रमाणपत्र

1995 च्या अपंग कायद्याने मानसिक आजाराला यादीत बसवले, पण नोकरीतल्या 3 टक्के राखीव जागांतून वगळले. शिवाय लाभासाठी किमान 40 टक्के अपंगत्वाची अट होती आणि हे टक्के मोजायचे कसे, हेच ठरले नव्हते. पायाचे मोजता येतात, डोळ्यांचे मोजता येतात. मनाचे?

2002 मध्ये त्यासाठी मोजपट्टी अधिसूचित झाली. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व समज आणि काम अशी चार क्षेत्रे, प्रत्येकी 0 ते 4 गुण. त्यात आजार किती वर्षांचा, याचेही गुण मिळवायचे. दोन वर्षांच्या आत असेल तर 1, दहा वर्षांच्या वर गेला की 4. एकूण 20 पैकी 7 झाले की 40 टक्के.

वाद आहे तो या वर्षांच्या गुणांचा. जुना आजार माणसाला आतून झिजवतो, हे खरेच. पण दहा वर्षे आजारी असलेल्याला उरलेल्या चार क्षेत्रांत मिळून 3 गुण पुरतात आणि वर्षभरापूर्वी पहिला झटका येऊन नोकरी गमावलेल्या पोराला 6 लागतात. उपचारांना, घराला आधाराची सर्वात जास्त निकड असते ती त्याच वर्षी. प्रमाणपत्र मागायला आलेल्याला ‘अजून आजारी राहा’ असे सांगणारा हा हिशेब मला अन्यायाचा वाटतो.

कामगार विम्यातही सुरुवातीचा काळ असाच निसटतो. साधा आजारपण लाभ वर्षाला 91 दिवस, पगाराच्या 70 टक्के. सायकोसिस (वास्तवाचे भान सुटणारा मानसिक आजार) दीर्घ आजारांच्या यादीत असल्याने लाभ दोन वर्षांपर्यंत, पगाराच्या 80 टक्के दराने मिळू शकतो, पण त्याला आधीची सलग दोन वर्षांची नोकरी लागते. विशीतच आजार उमटलेल्यांकडे ती कुठून असणार?

1995 च्या कायद्याची जागा घेणारा 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. आरक्षण 4 टक्के झाले. त्यातल्या 1 टक्क्यात मानसिक आजार आला, तोही स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता यांच्यासोबत वाटून. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निमलष्करी दलातल्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सांगितले की, गैरवर्तनामागे मानसिक दिव्यांगत्व हे अनेक कारणांपैकी एक असले, तरी त्याच्यावरची शिस्तभंगाची कारवाई भेदभाव ठरते. 40 टक्क्यांची अट मात्र 2016 च्या कायद्यातही तशीच राहिली.