पर्यावरणपूरक वास्तूसाठी विभागीय पुरस्कार: इंदूरहून अर्ज करताना पात्रता, कागदपत्रे आणि तयारी

विभागीय वास्तुकला पुरस्काराची घोषणा झाली की अर्जासाठी हातात थोडेच आठवडे उरतात. फोटो, पॅनेल (नकाशे-फोटो मांडलेले सादरीकरणाचे तक्ते), वर्णन एवढ्या वेळात उरकता येते. पण इमारतीने वर्षभरात किती वीज घेतली, किती पाणी वापरले, वैशाखात वरच्या मजल्यावर दुपारी किती तापमान होते, हे मागाहून तयार करता येत नाही. पर्यावरणपूरक गटातला अर्ज नेमका इथेच अडतो. म्हणून ज्यांचे काम यंदा पूर्ण होते आहे, त्यांनी पुढच्या वर्षीच्या अर्जाची तयारी आजच सुरू करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पुरस्कार आणि मानांकन यांत गल्लत नको

इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सच्या राज्य शाखा असतात आणि संस्थेचे राष्ट्रीय पुरस्कारही असतात. जेके सिमेंटचे ‘आर्किटेक्ट ऑफ द इयर’ पुरस्कार 1990 पासून दिले जातात. त्यात हरित वास्तुकलेचा स्वतंत्र गट आहे आणि राज्य पातळीचे पुरस्कारही आहेत. तुम्ही अर्ज करता त्या वर्षी मध्य प्रदेशाचा समावेश आहे का, हे आधी पाहून घ्यावे.

मानांकन, म्हणजे इमारत किती पर्यावरणपूरक आहे याचा दर्जा ठरवणे, ही वेगळी गोष्ट. टेरी ही ऊर्जा-संशोधन संस्था आणि केंद्राचे नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी मिळून आणलेले ‘ग्रिहा’ 2500 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामासाठी आहे. त्याहून लहान इमारतींसाठी ‘स्वग्रिहा’ आहे. सीआयआय या उद्योग महासंघाने 2001 मध्ये सुरू केलेल्या आयजीबीसीची (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल) मानांकनेही आपल्याकडे चालतात. मानांकनात ठरलेल्या निकषांवर गुण मिळतात, पुरस्कारात इतर प्रवेशिकांशी तुलना होते. मानांकन नाही म्हणून अर्जच करायचा नाही, असे करू नका. असेल तर मात्र प्रमाणपत्र जरूर जोडा, कारण तुमचे आकडे तिसऱ्या कुणीतरी तपासले आहेत हे त्यातून दिसते.

पात्रता

मुख्य अर्जदार हा वास्तुविशारद अधिनियम 1972 खाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदलेला आर्किटेक्ट असावा लागतो. नोंदणी क्रमांक सगळ्यांना पाठ असतो, पण नूतनीकरणाची तारीख उलटून गेलेली असते. ती आधी तपासा. स्ट्रक्चरल इंजिनिअर, लँडस्केप आणि ऊर्जा सल्लागार, ठेकेदार यांची नावे श्रेयनामावलीत येतात. चुन्याचे किंवा दगडाचे काम गवंड्यांच्या हातच्या कसबावर उभे असेल तर त्यांचीही नावे द्या. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नसला तरी वर्णनात जागा असते.

‘विभागीय’ या अटीचा अर्थ प्रत्येक आयोजक वेगळा लावतो. कुठे इमारत त्या राज्यात असावी लागते, कुठे तुमचे कार्यालय. कार्यालय इंदूरला आणि काम धुळ्या-जळगावला, अशी आपल्यापैकी अनेकांची स्थिती आहे. नियमावलीतून स्पष्ट होत नसेल तर आयोजकांना लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

काम पूर्ण झालेले आणि वापरात असलेले हवे, ही अट पर्यावरणपूरक गटात सर्वात महत्त्वाची, आणि ती योग्यच आहे. आगा खान या आंतरराष्ट्रीय वास्तुकला पुरस्कारात इमारत किमान वर्षभर वापरात असावी लागते आणि तज्ज्ञ प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करतात. इंदूरच्या दोन कामांना हा पुरस्कार मिळाला आहे: 1995 मध्ये बाळकृष्ण दोशी यांच्या अरण्य वसाहतीला आणि 1998 मध्ये हिमांशू पारीख यांच्या झोपडवस्ती सुधारणेच्या कामाला. दुसरे काम तर मुख्यतः सांडपाणी, रस्ते आणि पाण्याचे. लोक तिथे कसे राहतात, हे पाहूनच त्याचे मोल ठरू शकत होते.

राजवाड्याच्या आसपासचा जुना लाकडी वाडा दुरुस्त केला असेल तर जतन किंवा पुनर्वापराचा गट पाहा. वाचवलेल्या भिंती, पुन्हा वापरलेले सागवान, न पाडलेला चौक यांचे मोजमाप द्या. नवे साहित्य किती कमी लागले, हे त्यावरूनच कळते.

कागदपत्रे

नोंदणी प्रमाणपत्र, नगर निगमची भवन अनुज्ञा, मंजूर नकाशा आणि पूर्णता प्रमाणपत्र हे मूळ कागद. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांत फरक असेल तर अर्जापूर्वीच सुधारित मंजुरी घ्या. मालकाच्या संमतिपत्रात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: नकाशे देण्यास, फोटो छापण्यास, बिले दाखवण्यास आणि परीक्षकांच्या भेटीला परवानगी. ‘आमची हरकत नाही’ एवढी एक ओळ पुरत नाही. फोटो दुसऱ्याने काढले असतील तर छायाचित्रकाराची लेखी परवानगीही लागते.

आता विजेबद्दल जरा सविस्तर. सलग बारा महिन्यांची बिले आयव्हीआरएस क्रमांकासह (बिलावरचा ग्राहक क्रमांक) लावा. त्यावरून ऊर्जा कार्यक्षमता निर्देशांक काढायचा, म्हणजे वर्षाचे युनिट भागिले बांधकामाचे चौरस मीटर. गच्चीवर सौर पॅनेल असतील तर निव्वळ युनिटांवर, म्हणजे ग्रिडकडून घेतलेले वजा परत दिलेले यावर, हिशेब करू नका. समजा, 400 चौरस मीटरच्या कार्यालयाने ग्रिडकडून 18,000 युनिट घेतले, पॅनेलने 12,000 बनवले आणि त्यातले 4,000 ग्रिडला परत गेले. म्हणजे इमारतीचा खरा वापर 18,000 अधिक 12,000 वजा 4,000, म्हणजे 26,000 युनिट, आणि निर्देशांक 65. निव्वळ 14,000 धरले तर तो 35 दिसतो, आणि जाणकार परीक्षकाचा पुढच्या सगळ्या आकड्यांवरचा विश्वास उडतो. डिझाइनने वीज किती वाचवली आणि पॅनेलने किती बनवली, हे दोन वेगळे आकडे आहेत. ते वेगळेच मांडा. त्यासाठी इन्व्हर्टरची मासिक नोंदही जोडावी लागेल.

निवासी इमारत असेल तर इको-निवास संहिता 2018 ची, म्हणजे केंद्राच्या निवासी इमारतींसाठीच्या ऊर्जाबचत संहितेची, मापे उपयोगी पडतात. इंदूर संमिश्र हवामानात मोडते. भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला प्रति चौरस मीटर 15 वॅटची मर्यादा आहे. उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान 12.5 टक्के हवे. आपल्याकडे उन्हाळ्यातही रात्रीचे तापमान बऱ्यापैकी उतरते, हे माळव्याचे मोठे दान आहे. रात्री खिडक्या उघडून घर थंड करता येते हे दाखवायचे असेल तर साधा तापमान-नोंदक एप्रिल-मे महिन्यांत एक आत, एक बाहेर सावलीत ठेवा. दोन रेषांचा तो आलेख अर्ध्या पानाच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

पाण्याचा हिशेब बहुतेक अर्जांत दोन ओळींत आटोपतो, याची मला खंत वाटते. इंदूरला नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर अंतरावरून, पंपांनी घाट चढवून येते. त्या पंपांच्या विजेसाठी सौर प्रकल्प उभारायला नगर निगमने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटी रुपयांचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामांसाठीचे कर्जरोखे) विक्रीला काढले. म्हणजे आपल्या शहरात पाणी वाचवणे म्हणजे वीज वाचवणे. हे बाहेरगावच्या परीक्षकाला आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही. नळाच्या मीटरची नोंद, बोअरवेलच्या पंपाचे तास, टँकरच्या पावत्या, पुनर्वापर केलेल्या पाण्याचे लिटर, सगळे द्या. पाऊसपाण्याची नुसती टाकी दाखवू नका. छताचे क्षेत्र आणि मुरवण्याच्या खड्ड्याचे मापही लिहा.

अर्ज भरताना

प्रक्रिया ओळखीचीच आहे: ऑनलाइन नोंदणी, शुल्क, पॅनेल आणि कागद अपलोड, छाननी, निवडक प्रवेशिकांचे सादरीकरण किंवा जागेची भेट, मग निकाल. नाव गुप्त ठेवण्याचा नियम असेल तर पॅनेलवर नाव, बोधचिन्ह, सही काहीच नको. फाइलच्या नावात आणि फाइलच्या माहितीतही फर्मचे नाव राहून जाते, तिथे पाहा. एका इमारतीची प्रवेशिका दोन गटांत चालते का, हे शुल्क भरण्यापूर्वी वाचा.

भेटीच्या दिवशी इमारत रोजच्यासारखी चालू द्या. गच्चीची, पंपघराची आणि इन्व्हर्टरच्या खोलीची किल्ली हाताशी ठेवा. राहणाऱ्यांना किंवा तिथे काम करणाऱ्यांना परीक्षकांशी मोकळेपणी बोलू द्या, मध्ये तुम्ही उत्तरे देऊ नका. बिलांच्या मूळ प्रती आणि तापमानाच्या मूळ फाइली निकाल लागेपर्यंत जपून ठेवा. छाननीत त्या केव्हाही मागितल्या जाऊ शकतात.