इंग्रजीतील विशेषण आणि क्रियाविशेषण यांतील भेद

इंग्रजी व्याकरणात विशेषण नामाबद्दल किंवा सर्वनामाबद्दल अधिक माहिती देते. क्रियाविशेषण क्रियापदाबद्दल, विशेषणाबद्दल, दुसऱ्या क्रियाविशेषणाबद्दल आणि प्रसंगी संपूर्ण वाक्याबद्दल. ‘अ स्लो ट्रेन’ यात ‘स्लो’ हे गाडीचे विशेषण आहे, तर ‘द ट्रेन मूव्ह्ड स्लोली’ यात ‘स्लोली’ हा शब्द गाडी कशी हलली हे सांगतो.

शब्दाच्या शेवटी ‘ली’ असेल तर ते क्रियाविशेषण, ही शाळेत शिकवली जाणारी खूण पुष्कळदा उपयोगी पडते, पण निर्णायक नाही. जुन्या इंग्रजीत ‘लिच’ हा प्रत्यय विशेषणे घडवी आणि त्याचेच ‘लिचे’ हे रूप क्रियाविशेषणे घडवी. पुढे दोन्ही झिजून ‘ली’ झाली. त्यामुळे ‘फ्रेंडली’ आणि ‘लव्हली’ ही आजही विशेषणेच आहेत, आणि ‘डेली’ दोन्ही कामे करतो. उलट, केवळ ‘ए’ जोडून होणाऱ्या क्रियाविशेषणांचा तो अंत्य स्वर मध्ययुगीन इंग्रजीत गळाला, आणि ‘फास्ट’, ‘हार्ड’ यांची दोन्ही रूपे एकच झाली. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कष्टाने काम करतो. ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जवळजवळ कामच करत नाही.

म्हणून शब्दाच्या रूपापेक्षा वाक्यातील त्याचे काम पाहणे अधिक भरवशाचे. ‘शी लुक्ड अँग्री’ यात ‘लुक्ड’च्या जागी ‘वॉज’ घातले तरी वाक्य टिकते, कारण ‘अँग्री’ तिच्याविषयी आहे; ‘शी लुक्ड अँग्रिली अ‍ॅट हिम’ यात तसे करता येत नाही, कारण तेथे पाहण्याची रीत सांगितली आहे. ‘स्मेल’, ‘टेस्ट’, ‘फील’ या क्रियापदांनाही हीच कसोटी लागू पडते. मराठीभाषकाची अडचण मात्र वेगळी आणि अगदी स्वाभाविक आहे. ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’ असे आपण विशेषणाचेच रूप कर्त्याप्रमाणे बदलून वापरतो, आणि त्याच सवयीने ‘शी सिंग्ज गुड’ असे लिहिले जाते. प्रमाण इंग्रजीत तेथे ‘वेल’ हवे.

प्रत्ययाविना येणाऱ्या क्रियाविशेषणांवर अठराव्या शतकातील व्याकरणकारांचा रोष होता. पुढे लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लाउथ यांनी 1762 मध्ये विशेषणाचा असा वापर अयोग्य ठरवला. बोलीत मात्र ‘ड्राइव्ह स्लो’ सर्रास चालते, आणि अमेरिकी बोलण्यात ‘रिअल गुड’ही.