‘आयव्हीसी दिसत नाही’ असा फोन करण्याआधी

सोनोग्राफी मशीन विकणाऱ्या-सांभाळणाऱ्या आम्हाला रात्री दोनला आयसीयूतून फोन येतो, “मशीन गेलं, आयव्हीसी दिसत नाही.” आयव्हीसी म्हणजे पोटातून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर; सलाईन किती द्यायचं याचा अंदाज घ्यायला ती बघतात. मिरजेहून जतला माणूस पोचेस्तोवर दोन तास जातात आणि बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं. संध्याकाळी कुणीतरी मानेतल्या मोठ्या शिरेत नळी, म्हणजे सेंट्रल लाइन, टाकलेली असते. त्यासाठीचा, वरवरचं दाखवणारा लिनिअर प्रोब तसाच, डेप्थ (किती खोल दिसेल ते) 4 सेंटिमीटरवर. एवढ्यात लिव्हरच पुरतं दिसत नाही, तर त्यामागची शीर कुठून दिसणार?

म्हणून आधी स्क्रीनच्या कोपऱ्यात बघा, कुठला प्रोब आणि कुठला प्रीसेट (आधीच ठरवून ठेवलेलं सेटिंग) चालू आहे. 2 ते 5 मेगाहर्ट्झचा कर्व्ह प्रोब घ्या, प्रीसेट ‘ॲब्डोमेन’, डेप्थ 15 सेंटिमीटरच्या आसपास. जेल सढळ हाताने लावा. छातीच्या हाडाखाली प्रोब उभा धरा आणि शीर राइट एट्रियममध्ये (हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात) शिरताना दिसेपर्यंत हलवा. नुसत्या ठोक्यांवर जाऊ नका, ते एओर्टाचे (महाधमनीचे) असतात तसे शिरेतही उमटतात.

फुप्फुस बघताना मात्र ‘ॲब्डोमेन’ नडतो. त्यातलं कंपाउंड इमेजिंग वेगवेगळ्या कोनांतली चित्रं एकत्र करून चित्र गुळगुळीत करतं आणि बी-लाइन, म्हणजे फुप्फुसात पाणी साठल्यावर दिसणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेघा, पुसट होतात. सलाईन जास्त झालं का, हे बघायला तर त्याच हव्या असतात! कंपाउंड आणि चित्र साफ करणारं हार्मोनिक, दोन्ही बंद करा.

2.1 सेंटिमीटरपर्यंतची शीर, हुंगल्यावर निम्म्याहून जास्त मिटणारी, म्हणजे राइट एट्रियममधला दाब नॉर्मल, हा हिशेब स्वतः श्वास घेणाऱ्या पेशंटचा. व्हेंटिलेटरवर श्वास आत जाताना शीर उलट फुगते. हे तुम्हाला आम्ही काय सांगणार; पण नव्या आरएमओंचे (निवासी डॉक्टरांचे) फोन आम्हालाच येतात.

मशीन चांगलं निघालं तरी व्हिजिट चार्ज का, असं विचारतात. रात्रीची गाडी आणि माणूस दोन्ही तेवढेच लागतात. ‘एका रात्रीपुरतं दुसरं मशीन द्या’ यालाही आम्ही नाहीच म्हणतो. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या कायद्यात मशीन नोंदलेल्या जागेचंच असतं. पोर्टेबल असलं म्हणून शेजारच्या हॉस्पिटलात नेता येत नाही. सील झालं तर तुमचं आयसीयू अडेल.

आमच्याकडून मशीन घेतलेल्यांना ‘आयसीयू-शीर’ आणि ‘आयसीयू-फुप्फुस’ असे दोन प्रीसेट आम्ही फुकट बसवून देतो, सिस्टरांना अर्धा तास शिकवूनही जातो. मशीन दुसरीकडून घेतलं असेल तरी वार्षिक करारात हे धरलेलं आहे. तरीही अडलंच, तर पेशंटचं नाव झाकून स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका. कोपऱ्यासकट.