डंडीचे थॉमसन आणि फ्लीटचे थॉमसन

फोर्टच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात ‘कमांडो’ची चिटुकली युद्धकॉमिक्स मिळायची. तळहातापेक्षा जरा मोठी, आत काळ्यापांढऱ्या चित्रांत मशीनगनी आणि ‘आख्टुंग!’ ओरडणारे जर्मन. बारीक टायपात प्रकाशकाचं नाव असायचं, डी. सी. थॉमसन अँड कंपनी. पुढे पेपरांत ‘थॉमसन रॉयटर्स’ हे नाव दिसू लागलं तेव्हा माझी पक्की समजूत झाली, की आपल्या कॉमिक्सवाल्यांनीच मोठं होऊन वृत्तसंस्था विकत घेतली. ही माहिती मी एकदा चारचौघांत ठोकूनही दिली.

साफ चूक. ही दोन वेगळी घराणी आहेत. एक स्कॉटलंडमधल्या डंडीचं, दुसरं कॅनडातल्या टोरांटोचं. गोंधळ मात्र अगदी स्वाभाविक आहे. दोघांच्या स्पेलिंगात ‘पी’ नाही, दोघांचा उच्चार तिकडे ‘टॉमसन’ असाच होतो, मुळं दोघांची स्कॉटिश, दोघांनी स्कॉटलंडमध्ये वर्तमानपत्रं चालवली, आणि दोन्हीकडे सूत्रं आजही घराण्याच्याच हातात आहेत. ‘घराण्याचा पेपर’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं, त्यात मात्र यांच्यातला एकच बसतो.

आधी डंडीवाले. कोलकात्याहून येणारा ताग विणून पोट भरणारं हे बंदर. तागाच्या गिरण्या, मुरंबा आणि पत्रकारिता या तीन गोष्टींवर डंडी उभी आहे असं तिथे म्हणतात. इंग्रजीत तिन्ही शब्द एकाच अक्षराने सुरू होतात, म्हणून ते जास्तच शोभतं. यातली पत्रकारिता म्हणजे थॉमसन. घराणं मूळचं जहाजमालकांचं. विल्यम थॉमसन यांच्या हाती ‘डंडी कुरिअर’ आला आणि त्यांनी तो मुलाकडे, डेव्हिड कूपर थॉमसनकडे सोपवला. १९०५ मध्ये त्याच्या आद्याक्षरांची कंपनी उभी राहिली. १८६१ चा जन्म, १९५४ मध्ये मृत्यू. म्हणजे नव्वदी ओलांडेपर्यंत हा माणूस होता.

आणि त्याच्या मनातली अढीही त्याच्याइतकीच दीर्घायुषी. चर्चिल १९०८ पासून डंडीचे खासदार. तोपर्यंत गावातला उदारमतवादी ‘अ‍ॅडव्हर्टायझर’ आणि हुजूरपक्षीय ‘कुरिअर’ दोन्ही थॉमसनच्याच पंखाखाली आलेले. १९२२ च्या निवडणुकीत दोन्ही पेपर चर्चिलवर तुटून पडले. एकाच मालकाच्या घरून दोन पक्षांचे दोन पेपर निघतात आणि दोन्ही मलाच झोडपतात, ही चर्चिलची तक्रार खरीच होती. ते नुकतेच अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेतून उठलेले. पडले, आणि वर जागा गेली ती एडविन स्क्रिमजर नावाच्या दारूबंदीवाल्याकडे. चर्चिलना आणि दारूबंदीवाल्याकडून! त्यानंतर वर्षानुवर्षं थॉमसनच्या पेपरांत चर्चिलचं नाव शक्य तिथे टाळलं जायचं, असं सांगतात.

१९२६ च्या सार्वत्रिक संपात हे दोन पेपर एक झाले, आणि संप मिटल्यावर मालकाने कामगार संघटनांना दारं बंद केली ती कित्येक दशकं. संघटनेत असाल तर इथे नोकरी नाही. १९५२ मध्ये यावरून पेटलं. बोवॉटर कंपनीच्या ट्रकचालकांनी थॉमसनकडे कागद पोचवायला नकार दिला, तेव्हा थॉमसन कोर्टात गेले. अपील कोर्टाने मनाईहुकूम दिला नाही. ‘डी. सी. थॉमसन विरुद्ध डीकिन’ हा खटला करारभंगाला चिथावणी या विषयात कायद्याचे विद्यार्थी अजून घोकतात. घोकताना यांनाच मुलांच्या ‘बीनो’ कॉमिकवाले म्हणून कोण ओळखणार?

कारण कंपनीची बाहेरच्या जगातली ओळख तीच. असल्या करड्या मालकाच्या छपाईखान्यातून ब्रिटनमधली सगळ्यात वात्रट पोरं बाहेर पडली. कॉमिक्सपैकी ‘डँडी’ डिसेंबर १९३७ मध्ये आला, ‘बीनो’ जुलै १९३८ मध्ये. त्यांच्याच ‘संडे पोस्ट’ पेपरात उलट्या बादलीवर बसणारा, चित्रपट्टीतला पोरगा ऊर वुली १९३६ पासून आहे. ‘कमांडो’ १९६१ चा. जोडीला १८६९ पासूनचं, बायकांच्या गोष्टींचं ‘पीपल्स फ्रेंड’ आणि १७३९ मध्ये सुरू झालेलं, पुढे यांच्याकडे आलेलं ‘स्कॉट्स मॅगझिन’.

नावाच्या गोंधळाचा विषय निघालाच आहे तर हे इथेच सांगून टाकतो. ‘बीनो’मधला काटेरी केसांचा डेनिस द मेनेस १२ मार्च १९५१ रोजी बाजारात आला. त्याच दिवशी अमेरिकेत हँक केचम यांचा सोनेरी केसांचा डेनिस द मेनेस पेपरांत झळकला. कोणी कोणाचं चोरलेलं नाही, निव्वळ योगायोग. आपल्याकडे टीव्हीवर आणि सिनेमात दिसलेला तो अमेरिकन. डंडीचा जास्त द्वाड आहे, आणि माझं मत विचाराल तर जास्त मजेदारही.

आता दुसरे थॉमसन. रॉय थॉमसन, १८९४ चा जन्म, टोरांटोतल्या न्हाव्याचा मुलगा. डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. ओंटारिओच्या उत्तर भागात रेडिओ विकायला गेले, तर तिथे रेडिओवर धड काही ऐकूच यायचं नाही. मग विकायचे कसे? त्यांनी १९३१ मध्ये नॉर्थ बे गावात स्वतःचं रेडिओ केंद्रच सुरू केलं. १९३४ मध्ये टिमिन्स गावचा पेपर घेतला, तोही दोनशे डॉलर हातावर ठेवून. इथून जी खरेदी सुरू झाली ती थांबलीच नाही. १९५३ मध्ये एडिंबराचा ‘स्कॉट्समन’, १९५७ मध्ये स्कॉटलंडच्या खासगी टीव्हीचा परवाना (हा स्वतःच्या नोटा छापायचा परवाना आहे, हे उद्गार त्यांचेच), १९५९ मध्ये केम्सली हा वृत्तपत्रसमूह आणि त्यासोबत ‘संडे टाइम्स’, १९६६ मध्ये खुद्द ‘द टाइम्स’. मधे १९६४ मध्ये सरदारकी मिळाली. किताब घेतला ‘फ्लीटचे बॅरन थॉमसन’, म्हणजे लंडनच्या पेपरवाल्यांच्या फ्लीट स्ट्रीटवरून. त्यापायी कॅनडाचं नागरिकत्व सोडावं लागलं.

या माणसाला पेपरांत काय छापतात याची फिकीर नव्हती. मी तुमच्या लिखाणात ढवळाढवळ करणार नाही, असं वचन लिहिलेलं कार्ड ते खिशात ठेवायचे आणि काढून दाखवायचे. याला उदारपणा म्हणायचं की बेपर्वाई, हे ज्याचं त्याने ठरवावं. त्यांच्या लेखी पेपर हा जाहिरातींचा धंदा होता. सहल कंपन्या, विमानं आणि उत्तर समुद्रातलं तेल या बाकीच्या धंद्यांसारखाच. १९७३ मध्ये पायपर तेलक्षेत्र सापडलं तेव्हा भागीदारांत थॉमसन होतेच. डंडीच्या थॉमसनच्या खिशातून असलं कार्ड निघतंय, अशी कल्पनाच करून बघा.

संघटनांशी गाठ दोघांची पडली. डंडीवाल्यांनी दार लावून घेतलं, फ्लीटवाल्यांनी पेपरच बंद ठेवून पाहिला. रॉय १९७६ मध्ये वारले, मुलगा केनेथ गादीवर आला. नवं छपाईतंत्र आणि मनुष्यबळ यांवरून छपाई कामगारांशी तुटेपर्यंत ताणलं गेलं, आणि १ डिसेंबर १९७८ पासून ‘टाइम्स’ निघेना. तो परत आला १३ नोव्हेंबर १९७९ रोजी. साडेअकरा महिने! पुढच्याच वर्षी घराणं या पेपराला विटलं आणि १९८१ मध्ये ‘टाइम्स’, ‘संडे टाइम्स’ दोन्ही रुपर्ट मर्डॉक यांना विकून मोकळं झालं. १९९५ मध्ये ‘स्कॉट्समन’ उद्योजक बार्कले बंधूंकडे गेला, त्याच सुमारास ब्रिटनमधले बाकीचे पेपरही फुंकले. पैसा लागला तो कायदा आणि अर्थव्यवहारांच्या माहितीच्या धंद्याला. २००८ मध्ये रॉयटर्स त्यात आली आणि थॉमसन रॉयटर्स झाली. तिचे बहुसंख्य समभाग घराण्याच्या वुडब्रिज कंपनीकडे आहेत, आणि टोरांटोचा ‘ग्लोब अँड मेल’ही तिच्याकडेच.

हे सगळं वाचूनही गोंधळ राहिला तर अ‍ॅबर्डीनच्या ‘प्रेस अँड जर्नल’कडे बघा. मुळं अठराव्या शतकातली. केम्सली समूहाबरोबर १९५९ मध्ये हा पेपर रॉय थॉमसनकडे आला. फुंकाफुंकीच्या काळात तो ‘डेली मेल’च्या मालकांच्या नॉर्थक्लिफ कंपनीला गेला. आणि २००६ मध्ये तो तिच्याकडून विकत घेतला कोणी? डी. सी. थॉमसनने, १३.२ कोटी पौंडांना. म्हणजे ‘हा थॉमसनचा पेपर आहे’ हे वाक्य अ‍ॅबर्डीनमध्ये १९७० मध्येही खरं होतं आणि २०१० मध्येही, फक्त थॉमसन बदलले होते.

डंडीवाले काही संत नव्हेत, आणि काळाने त्यांनाही सोडलेलं नाही. १९६६ मध्ये ‘टाइम्स’ने पहिल्या पानावर बातम्या घेतल्या, ‘कुरिअर’ने पहिल्या पानावरच्या छोट्या जाहिराती हलवायला १९९२ उजाडू दिलं, इतका हा सावकाश कारभार. त्यांनी शब्दकोड्यांची प्रकाशनं घेतली, वंशावळी शोधून देणारी ‘फाइंडमायपास्ट’ घेतली, ब्रिटिश लायब्ररीबरोबर जुने पेपर स्कॅन करून इंटरनेटवर आणले. २००९ मध्ये जुन्या शाळूसोबत्यांना जोडणारी वेबसाइट ‘फ्रेंड्स रियुनायटेड’ घेतली आणि ती सपशेल बुडाली. ‘डँडी’ची छापील आवृत्ती ७५ वर्षं पुरी करून २०१२ मध्ये थांबली. २०२३ मध्ये तर सुमारे तीनशे नोकऱ्या आणि चाळीसेक प्रकाशनं एका झटक्यात गेली. ‘बीनो’ आणि ‘कमांडो’ मात्र चालू राहिले.

लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीटवर १८५ क्रमांकाची एक इमारत आहे. दर्शनी भागावर मोझॅकच्या अक्षरांत ‘संडे पोस्ट’, ‘पीपल्स फ्रेंड’ अशी नावं रस्त्यावरूनही वाचता येतात. हे डंडीच्या थॉमसनचं लंडन कार्यालय. एकेक पेपर ती गल्ली सोडून गेला. फ्लीटच्या बॅरनच्या घराण्याचा तर १९८१ नंतर लंडनच्या पेपरांशी संबंधच उरला नाही. फ्लीट स्ट्रीटवरून अगदी शेवटी बाहेर पडलेले दोन वार्ताहर ‘संडे पोस्ट’चे होते, ऑगस्ट २०१६ मध्ये.