ताळगावचे शेत आणि पणजीचे शहर: गोव्यातील सामुदायिक शेतीची पार्श्वभूमी

पणजी हा मुळात ताळगाव गावकारीचा, म्हणजे गावाच्या सामुदायिक जमीनव्यवस्थेचा, एक वाडा. शहर वाढले ते या गावाच्या खाजनांवर (नदीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनींवर) आणि भातशेतांवर, आणि ताळगावात २१ ऑगस्टला कोणसाचे फेस्त, म्हणजे नव्या कणसांचा सण, आजही साजरे होते. त्यामुळे गोव्यातील नागरी शेतीचा विचार गच्चीवरच्या कुंड्यांपासून सुरू केला तर मूळ प्रश्न बाजूला राहतो. शेत राखणारी व्यवस्था कोणती होती आणि ती का ढिली पडली, हे आधी पाहायला हवे.

तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या जुन्या काबिजादींत (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या तालुक्यांत) गावकारी ही व्यवस्था पोर्तुगीजांच्या आधीपासून चालत आली होती. १५२६ मध्ये आफोंसो मेशिया या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याने तिच्या रूढींची सनद लिहून काढली, म्हणजे आधीच रुळलेल्या वहिवाटीची केवळ नोंद केली. जमीन गावाची असे, शेतांची पावणी (कसायला देण्यासाठी लिलाव) होई, आणि सरकारी देणी, देवस्थाने व बांधांचा खर्च भागवून जे उरे त्यातून गावकारांना, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतील सभासदांना, झोण (वाटा) मिळे.

या व्यवस्थेचा खरा कस लागे तो खाजनांत. मांडवी, जुवारी आणि त्यांच्या उपनद्यांच्या काठी सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली आहे. बांधातल्या मानशीची (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मोरीची) लाकडी दारे भरतीच्या जोराने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. आतले पाणी पोयीत (बांधाच्या आतल्या तळ्यात) साठते. आणि खारेपणा सोसणारे कोरगूट भात अशाच जमिनीत पिकते. मानशीवर मासळीही मिळते. बांधाला एका ठिकाणी भगदाड पडले तर खारे पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरते, म्हणून त्याची डागडुजी कधीच कोणा एका शेतकऱ्याचे काम नव्हते.

गावकारीचे गोडवे गाताना तिचा अन्याय विसरता येणार नाही. झोणाचा हक्क गावकार घराण्यांतील पुरुषांचा होता. चिखलात राबणाऱ्यांना आणि स्त्रियांना त्यात आवाज नव्हता. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कुळे जमिनीची मालक झाली, हे न्याय्यच झाले. बांधांची सामायिक जबाबदारी १९७५ च्या नियमांनी कूळसंघांकडे सोपवण्यात आली होती. परंतु अनेक ठिकाणी मानशीच्या मासळीचा लिलाव भातापेक्षा जास्त पैसा देऊ लागला, दारे भरतीलाही उघडी राहू लागली आणि शेते खारवली. त्यातच मजुरी वाढली, तरुण परदेशी गेले, तुकडे लहान होत गेले, आणि पडीक शेतावर बांधकामाची नजर पडायला वेळ लागला नाही.

लोकांचा प्रतिकार उभा राहिला तो या टप्प्यावर. ‘प्रादेशिक आराखडा २०११’ या सरकारच्या जमीनवापराच्या आराखड्यात शेते, डोंगर आणि बागायती बांधकामासाठी खुल्या होत असल्याचे दिसताच डिसेंबर २००६ मध्ये गोवा बचाव अभियान सुरू झाले, आणि २००७ च्या प्रारंभी सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. त्यानंतरच्या आराखड्यासाठी गावोगाव नकाशे पोहोचले आणि ग्रामसभांतून त्यांची छाननी झाली. माझ्या मते गोव्याच्या अलीकडच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा सामुदायिक प्रयत्न आहे, कारण त्यामुळे जमिनीचा वापर हा पुन्हा गावाच्या चर्चेचा विषय झाला.

भाजीची कथा वेगळी. सांतेस्तेवची सात शिरांची भेंडी आणि आगशीची वांगी भौगोलिक मानांकन मिळवणारी, पणजीपासून फार दूर नसलेल्या गावांत पिकणारी. तरीही रोजची भाजी मुख्यतः बेळगावहून येते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत सीमेवर गाड्या अडल्या तेव्हा ही परावलंबिता घराघरांत जाणवली, आणि परसात, गच्चीवर व पडीक शेतांत पुन्हा लागवड करणाऱ्यांची संख्या वाढली.

२०२३ च्या कायद्याने भातशेती बिगरशेतकऱ्यांना विकण्यावर निर्बंध आणले. विक्री थांबली तरी बांध मात्र दर पावसाळ्याआधी पाहावाच लागतो, आणि ज्या गावात कूळसंघ नावापुरता उरला आहे तिथे हे काम ग्रामसभेने अंगावर घेतल्यावाचून शेत कसण्याजोगे होत नाही.