चार गळ्यांतून उमटणारा पाचवा आवाज

१९५६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात, सेंट बर्नाडेट चर्चच्या तळघरात ‘फाइव्ह सॅटिन्स’ नावाच्या गटातल्या तरुणांनी पुढे ‘डू-वॉप’ म्हणून ओळखल्या गेलेल्या गायनातलं एक गाणं ध्वनिमुद्रित केलं. ‘इन द स्टिल ऑफ द नाइट’ हे ते गाणं, गटाचा मुख्य गायक फ्रेड पॅरिस याने लिहिलेलं. मागचे गायक सुरुवातीपासून ‘शू-डू-शूबी-डू’ असे निरर्थक बोल घोळवत राहतात, खर्जातला गळा खालून आधार देतो आणि मुख्य आवाज त्या सगळ्यावर निवांत तरंगतो. तीन मिनिटांचं साधं गाणं, पण सत्तर वर्षं होत आली तरी ते ऐकलं जातं. आज ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण तेव्हा जन्मलेलेही नव्हते. त्यामुळे ‘जुन्या आठवणी’ हे त्याच्या गोडीचं पूर्ण उत्तर होऊ शकत नाही.

माझ्या मते त्या गोडीचा मोठा भाग ध्वनीच्या भौतिकीत आहे. चार-पाच माणसं एका खोलीत उभी राहून, एकमेकांकडे कान लावून गातात, तेव्हा हवेत काहीतरी असं घडतं जे पियानोवर घडू शकत नाही. त्या काळच्या ध्वनिमुद्रणाच्या साध्या पद्धतीमुळे ते तबकडीवर टिकून राहिलं.

या गायनाला ‘डू-वॉप’ हे नाव पुढे १९६० च्या दशकात चिकटलं. न्यूयॉर्कचं हार्लेम, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, शिकागो, लॉस एंजलिस इथल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत ते घडलं. गाणारे बरेचसे विशीही न ओलांडलेले. ‘टीनएजर्स’ या गटाचा फ्रँकी लायमन १९५६ मध्ये गाजला तेव्हा तेरा वर्षांचा होता. चर्चमधलं गॉस्पेल हे भक्तिगायन त्यांच्या कानात मुरलेलं होतं, मिल्स ब्रदर्स आणि इंक स्पॉट्स या आधीच्या गायक-गटांच्या तबकड्या घरोघरी वाजत होत्या. वाद्यं परवडत नव्हती, मग वाद्यांचं काम गळ्यानेच करायचं. ‘डूम’, ‘बॉम’, ‘वा’ हे बोल त्यातून आले. यातल्या काहींची कमाई दुसऱ्यांनीच खाल्ली, हेही सांगायला हवं. १९५४ साली ब्राँक्सच्या ‘कॉर्ड्स’ गटाचं ‘श-बूम’ चांगलं चालू लागलं आणि काही आठवड्यांतच ‘क्रू-कट्स’ या गोऱ्या गटाने तेच गाणं गाऊन पहिला क्रमांक पटकावला.

आता मूळ मुद्दा. कोणताही गायक एक स्वर लावतो, तेव्हा त्याच्या गळ्यातून एकच वारंवारता बाहेर पडत नाही. २०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २०० कंपनांचा, स्वर लावला तर सोबत ४००, ६००, ८००, १००० अशी उपस्वरांची रांग येते. मोजताना मूळ स्वर पहिला धरायचा, म्हणजे ४०० हा दुसरा. दुसऱ्या गायकाने त्याच्यावर गंधार लावायचा आहे, असं समजू. त्याने बरोबर २५० हर्ट्झ लावला, म्हणजे पहिल्याच्या ५/४ पट, तर त्याच्या उपस्वरांची रांग ५००, ७५०, १००० अशी जाते. पहिल्याचा पाचवा आणि दुसऱ्याचा चौथा उपस्वर १००० वर नेमके एकमेकांवर बसतात. तिसऱ्याने ३०० हर्ट्झचा पंचम लावला की त्याचा दुसरा उपस्वर पहिल्याच्या तिसऱ्यावर, ६०० वर येतो, आणि त्याचा पाचवा दुसऱ्याच्या सहाव्यावर, १५०० वर. वर कुठेतरी, कोणीही गात नसलेल्या उंचीवर, आवाज एकवटतो. अमेरिकेतल्या बार्बरशॉप पद्धतीने, वाद्यांविना गाणाऱ्या चौकड्या या परिणामाला ‘पाचवा आवाज’ म्हणतात, आणि तो ऐकू येईपर्यंत सराव करतात.

पियानोवर मात्र गंधार २५० वर नसतो. सप्तकाचे बारा समान भाग केल्यामुळे तो सुमारे २५२ हर्ट्झवर जातो. दोन हर्ट्झचा फरक किरकोळ वाटेल, पण त्याचा चौथा उपस्वर १००८ वर पोहोचतो आणि षड्जाचा पाचवा उपस्वर १००० वरच असतो. अगदी जवळच्या दोन वारंवारता एकत्र आल्या की आवाज लहान-मोठा होत थरथरतो. यांना विस्पंद म्हणतात. इथे ते सेकंदाला सुमारे आठ होतात. पियानोचा स्वरमेळ, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, ऐकताना जी बारीक थरथर असते, ती ही. आपण तिला इतके सरावलेले आहोत की ती जाणवतच नाही. ती नाहीशी होते तेव्हाच कळते.

मराठी वाचकाला हे वेगळ्या वाटेने ठाऊक असतं. उत्तम जवारी लावलेला, नीट जुळवलेला तानपुरा छेडला की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. कोणतीही तार गंधारात लावलेली नसते, तरी तो असतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो त्या तारेचा पाचवा उपस्वरच. हार्मोनियमचा गंधार त्याच्यापेक्षा चढा लागतो: एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले साधारण चौदा भाग. आपल्याकडे हार्मोनियमविरुद्ध झालेल्या तक्रारींतली ही एक मोठी तक्रार होती. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत ते वाद्य दूर ठेवलं होतं. म्हणजे मिरजेला तानपुरा जुळवणारा कारागीर आणि बाल्टिमोरच्या कोपऱ्यावर गाणारी पोरं एकाच गंधाराच्या शोधात होती. फरक एवढाच, की तानपुऱ्याचा गंधार षड्जातूनच उगवतो आणि या मुलांना तो प्रत्येक नव्या स्वरमेळासाठी, पायाचा स्वर बदलला की पुन्हा, गळ्यातून शोधावा लागे.

प्रत्येक तबकडीवर तो सापडलेला असतो, असं मुळीच नाही. पुष्कळ मुद्रणांत कोणीतरी बेसूर आहे, कुठे मागचा पियानो वेगळंच सांगतो आहे. मानवी गळा डुलतच राहतो. पण लांबवलेल्या स्वरमेळावर चार आवाज घसरत, सावरत एकत्र येतात आणि क्षणभर थरथर थांबते, तो क्षण या गाण्यांत वारंवार ऐकू येतो. मला तर वाटतं की तो सतत मिळत नाही म्हणूनच इतका लक्षात राहतो.

गळा सावरतो कसा? गाणाऱ्याच्या कानात त्याचाच आवाज यंत्राने किंचित चढवून सोडला, तर त्याचा गळा नकळत खाली येतो, आणि हे सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात सुरू होतं. विचार करायला तेवढा वेळ पुरत नाही. ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे. दुसऱ्याच्या स्वराशी जुळवून घेणं मात्र शिकावं लागतं, आणि त्यासाठी दुसरा स्पष्ट ऐकू यावा लागतो. रोज संध्याकाळी तासन् तास तेच तेच गाणं गाणाऱ्या मुलांना ते जमलं, यात नवल नाही.

स्वर जुळला तरी काम संपत नाही. ‘आ’ आणि ‘ऑ’ म्हणताना तोंडाच्या पोकळीचा आकार बदलतो आणि वेगवेगळे उपस्वर बळावतात. एकाने तोंड जास्त उघडलं की त्याचा आवाज घोळक्यातून बाहेर पडतो. म्हणून सगळ्यांचा स्वरोच्चार एकसारखा लागतो, आणि सख्ख्या भावांना ते सोपं जातं: हाडांची ठेवण सारखी, बोलीही एकच. मिल्स ब्रदर्स खरोखरच भाऊ होते. निरर्थक बोलांचं शहाणपणही इथेच दिसतं. ‘ऊ’ या स्वरात वरचे उपस्वर दुबळे असतात. मागचे गायक ‘ऊ’ धरून राहिले, की मुख्य गायकाच्या शब्दांतली व्यंजनं ज्या उंच वारंवारतांवर असतात ती जागा मोकळी राहते. ‘ड’ आणि ‘ब’ हे स्फोटक वर्ण तार छेडल्यासारखी सुरुवात देतात, आणि ढोलाविनाच ठेका मिळतो.

आणखी एक गोष्ट लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहे. मागचे गायक स्वर सरळ धरतात. मुख्य गायक तो आंदोलित करतो. एकत्र सुरू होणारे आणि एकत्र हलणारे ध्वनी आपला मेंदू एकाच उगमाचे मानतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट ब्रेगमन यांनी सविस्तर मांडलं आहे. त्यामुळे तीन सरळ गळे मिळून एकच मोठं वाद्य ऐकू येतं आणि हलणारा चौथा त्याच्यापासून सहज सुटा होतो. ‘प्लॅटर्स’ गटाचा मुख्य गायक टोनी विल्यम्स यात फार तरबेज होता.

मग खोली. त्या मुलांच्या तालमी जिन्याखाली, इमारतींच्या बोळांत, शाळेच्या स्वच्छतागृहांत, भुयारी रेल्वेच्या वाटांवर होत. फरशी आणि टाइल ध्वनी फारसा शोषत नाहीत, म्हणून निनाद लांबतो. आधीचा स्वर हवेत रेंगाळत असताना पुढचा येतो, आणि तो बेसूर असेल तर लगेच कळतं. मुद्रणाच्या जागाही काही फार वेगळ्या नव्हत्या. पेंग्विन्स गटाचं ‘अर्थ एंजल’ १९५४ साली लॉस एंजलिसमधल्या एका घराच्या गॅरेजमध्ये झालं. शेजारचा कुत्रा भुंकला की पुन्हा पहिल्यापासून गावं लागे, असं सांगतात. १९५९ मध्ये ‘फ्लेमिंगोज’ने ‘आय ओन्ली हॅव आइज फॉर यू’ हे १९३४ चं गाणं पुन्हा गायलं, तेव्हा निनाद मुद्दाम इतका भरला की शब्द दूरच्या दालनातून येत आहेत असं वाटावं. या प्रकारातलं मला ते सर्वांत सुंदर मुद्रण वाटतं.

मायक्रोफोन मोजकेच असत, अनेकदा सगळ्या गायकांत मिळून एक. आवाजांचा तोल बटणांनी नाही, पावलांनी साधायचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, म्हणून तार गळा मागे सरे आणि मुख्य गायक पुढे येई. त्या काळच्या रिबन मायक्रोफोनच्या अगदी जवळ गेलं की खालचे स्वर फुगतात. खर्जातल्या गायकाला हे वरदानच. सगळे एकाच हवेत गात असल्यामुळे प्रत्येकाचा आवाज दुसऱ्याच्या आवाजात मिसळूनच टेपवर जाई. नंतर कोणाला वेगळं काढून दुरुस्त करायची सोयच नव्हती.

खर्जाची एक गंमत तर मला अजूनही थक्क करते. १९५४ साली खिशात मावणारे ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आले. त्यांचा इवलासा स्पीकर शंभर हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी जवळजवळ काढूच शकत नाही. तरीही त्यातून खर्जातला गळा ऐकू येतो. स्पीकर २००, ३००, ४०० हे उपस्वर देतो, मेंदू त्यांच्यातलं समान अंतर ओळखतो आणि हवेत नसलेला १०० हर्ट्झचा स्वर भरून काढतो.

मग हे सगळं जगात सर्वांनाच गोड वाटेल का? जुळलेले स्वरमेळ आवडणं उपजत आहे, असं अनेकांना वाटत आलं. जॉश मॅकडरमट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये बोलिव्हियातल्या ॲमेझॉन खोऱ्यातल्या त्सिमाने लोकांवर केलेला अभ्यास ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या संगीतात असं एकत्र, वेगवेगळ्या स्वरांत गाणं नाही. जुळलेले आणि न जुळलेले स्वरमेळ त्यांना सारखेच आवडले. खरखरीत थरथर मात्र त्यांनाही नकोशी वाटली. म्हणजे खरखर नकोशी वाटणं बहुधा खोलवरचं आहे आणि मेळाची ओढ कानावर पडलेल्या संगीताने घडते. रागसंगीतात वाढलेल्या आपल्या कानांना ही गाणी सुरुवातीला परकी वाटली तर त्याचं कारण तेच असावं.

रचनेचाही वाटा आहे. यातली असंख्य गाणी चारच स्वरमेळांच्या फेऱ्यावर उभी आहेत, आपल्या भाषेत सा, ध, म, प यांच्या पायावर. तिसऱ्या फेऱ्याला ऐकणारा पुढचा मेळ आधीच ओळखू लागतो. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलरी सालिमपूर आणि रॉबर्ट झटोरे यांच्या चमूने २०११ मध्ये दाखवलं, की आवडत्या संगीतात अंगावर काटा येण्याआधी, वाट पाहतानाच, मेंदूच्या एका भागात डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन स्रवतं आणि प्रत्यक्ष त्या क्षणी दुसऱ्या भागात. तो प्रयोग डू-वॉपवर नव्हता, पण ‘आता येणार, आता येणार’ ही अवस्था या गाण्यांइतकी उघड फार थोड्या संगीतात असते.

आणि आठवणी? त्याही आहेतच, पण नेहमी आपल्याच असतात असं नाही. कॅरल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ मध्ये विशीतल्या तरुणांना जुनी लोकप्रिय गाणी ऐकवली. त्यांच्या आठवणी आणि आवड स्वतःच्या काळातल्या गाण्यांभोवती दाटलेल्या होत्याच, पण आईवडील तरुण असतानाच्या गाण्यांपाशी आणखी एक उंचवटा सापडला. घरात वाजत असलेलं संगीत मुलांच्या आत उतरतं.

ही गाणी ऐकायचीच असतील तर मूळ मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज देणारी, मुद्रणं शोधावीत. १९६० च्या दशकात कंपन्यांनी अनेक जुन्या मोनो तबकड्या कृत्रिम स्टिरिओ करून पुन्हा विकल्या: खालच्या वारंवारता एका कानाला, वरच्या दुसऱ्याला, मध्ये किंचित विलंब. गळ्याचे उपस्वरच असे दोन बाजूंना वाटले गेले, की जुळलेला मेळ विस्कटतो. आजही काही संग्रहांत त्याच आवृत्त्या फिरतात. मोनो प्रत एकाच स्पीकरवर, थोडी मोठ्याने लावावी, आणि पहिल्यांदा फक्त खर्ज ऐकावा, मग मधले दोन गळे. शब्द शेवटी.